सिस्टर, अखोत आणि पदवीचा कागद



गेल्या खेपेस सॅम्युएल स्ट्रीटवरच्या जुन्या मशिदीविषयी लिहिले होते. त्यावर लंडनच्या एका वाचकबाईंनी कळवले, "तुमच्या लेखांत सुभेदार येतात, हेडमास्तर येतात, डॉक्टर येतात. आमच्या घरातल्या तीन बायका जन्मभर हॉस्पिटलात राबल्या. त्यांच्यावर कोण लिहिणार?" तक्रार रास्त आहे. आपल्यात असे घर विरळा, जिथे एखादी आत्या, मावशी किंवा मामी 'सिस्टर' नव्हती. तरी आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना मिळते ती अर्धी ओळ.

लिहायचे मनात होतेच, पण हात चालला तो गेल्या उन्हाळ्यातल्या एका प्रसंगामुळे. माझ्या मावशीची नात चार वर्षांची नर्सिंगची पदवी पूर्ण करून सरकारी परीक्षाही पास झाली. तिच्या आईने नवस बोलला होता, म्हणून घरी मलिदा ठेवला. ताटात पोहे, गूळ, खोबरे, वेलची, भोवती फळे, सब्जाची डहाळी, सगळे रीतसर. एलियाहू हन्नबीचे नाव घेऊन झाले, बराखा झाल्या, आणि मग एक नातेवाईक कौतुकाने म्हणाले, "आपल्या घराण्यातली ही पहिली शिकलेली नर्स!"

मावशी कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीत बसली होती. वय सत्त्याऐंशी, ऐकू कमी येते असे आम्ही समजतो. ती मराठीत म्हणाली, "मग मी काय चाळीस वर्षं वॉर्डात झाडू मारत होते?"

सगळे हसले. ती हसली नाही.

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांना 'पदवीधर' म्हणायचे होते. पण शिकलेली आणि पदवीधर हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने केव्हापासून वापरू लागलो, आणि त्या दोहोंमधल्या फरकापायी आपल्या बायकांनी काय सोसले, ही गोष्ट एकदा नीट सांगायला हवी.

सुरुवात मुंबईपासून. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली आपली इस्राएली शाळा काढली. तिचीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. त्याच्याही आधी कोकणात आणि मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळांतून आपली मुले मराठी आणि हिब्रू शिकत होती. म्हणजे वाचता-लिहिता येणाऱ्या मुली आपल्यात लवकर तयार झाल्या. १८८६ मध्ये बायका आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडले. तिथल्या प्रमुख डॉक्टर एडिथ पेची यांनी नर्सेस तयार करण्याचे काम हाती घेतले. त्या काळी परक्याच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे हे वरच्या जातींतल्या घरांना चालणारे नव्हते. त्यामुळे या कामात प्रथम आल्या त्या बहुतेक अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुली. आपल्याकडे विटाळाची ती आडकाठी नव्हती, आणि कारकुनाच्या पगारावर पाच-सहा मुले वाढवणाऱ्या घरांना कमावती मुलगी हवीच होती.

आपण फार उदार होतो असे मात्र समजू नका. मावशी सांगते, तिला आलेली दोन स्थळे 'नाइट ड्युटी करते' म्हणून मोडली. तिसऱ्यांनी विचारले नाही, कारण ते स्वतःच रेल्वेत पाळीवर होते. तेच आमचे काका.

या मुलींपुढे एक मोठे उदाहरण होते, डॉ. जेरुशा झिराड यांचे. आपल्यातलीच मुलगी, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकली, सरकारी शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेली, एम.डी. होऊन परतली आणि पुढे कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या स्त्री मंडळाच्या कामातही त्या होत्या. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. इथे इतकेच सांगते की 'बेने इस्राएल मुलगी हॉस्पिटलात' हे दृश्य त्यांच्यामुळे इभ्रतीचे झाले. पण प्रत्येक घराला मुलगी डॉक्टर करणे परवडत नव्हते. नर्स करणे परवडत होते, आणि ते का परवडत होते हे आजच्या मुलांना ठाऊक नसते.

नर्सिंगच्या शिक्षणाला तेव्हा फी लागत नसे, उलट थोडा स्टायपेंड मिळे. राहायला हॉस्टेल, दोन वेळचे जेवण, धुतलेला गणवेश. बदल्यात हॉस्पिटलला मुलीचे हात मिळत. तीन वर्षे जनरल नर्सिंग, त्यावर बाळंतपणाचे शिक्षण. मावशी १९५७ साली लागली. पहिले काही महिने बेडपॅन धुणे, चादरी कोपरे मुडपून घालणे आणि काचेच्या सिरिंजा उकळणे. नाइट ड्युटी सकाळी संपली की अंघोळ करून थेट लेक्चरला. शरीररचना, औषधांची मापे, संसर्ग, आहार. परीक्षा लेखीही आणि तोंडीही. मेट्रन पांढऱ्या हातमोज्याने खाटेची दांडी पुसून धूळ बघायची. शब्बाथची सुट्टी मागायची सोयच नव्हती, पण दरफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पुरला, ती दरवर्षी घरी गेली. केरळच्या एका ख्रिस्ती मुलीशी तिचा करार होता: तू माझी दरफाळणीची ड्युटी कर, मी तुझी नाताळची करते.

शेवटी मुंबई राज्याच्या नर्सिंग कौन्सिलात नाव नोंदले गेले आणि शिक्क्याचा कागद हाती आला. या कागदाला पदवी म्हणत नसत. भारतात नर्सिंगची बी.एस्सी. पदवी सुरू झाली १९४६ मध्ये, दोनच ठिकाणी, दिल्लीला आणि वेल्लोरला. मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाचे नर्सिंग कॉलेज निघाले १९६४ मध्ये. तेव्हा 'आजीने डिग्री का नाही केली?' असे विचारणाऱ्या नातवंडांनी हिशेब करावा. भायखळ्याच्या चाळीतल्या मुलीला चार वर्षे स्वतःच्या खर्चाने दिल्लीला राहावे लागले असते, तेही ज्या कामाची सनद तिला घराजवळ, वर स्टायपेंड घेऊन मिळत होती त्याच कामासाठी. तिने घेतला तो निर्णय शहाणपणाचा होता. पुढे तो महागात पडेल हे तिला कळायला मार्ग नव्हता.

मावशी आणि काका १९६५ मध्ये इस्राएलला आले. विमानतळावरून थेट दिमोनाला.

इथे थोडे थांबून इथल्या नर्सिंगचा इतिहास सांगते. १९१३ साली हदासा संघटनेने अमेरिकेतून दोन नर्सेस जेरुसलेमला पाठवल्या, रोज कॅप्लन आणि रेचल लँडी. १९१८ मध्ये हदासाने जेरुसलेमला नर्सिंगची शाळा काढली आणि १९२१ मध्ये तिची पहिली तुकडी बाहेर पडली. शिक्षण तीन वर्षांचे, हॉस्पिटलात राहून, म्हणजे मुंबईसारखेच. १९४८ नंतर जहाजे भरभरून लोक आले, तंबूंच्या छावण्यांत आजार पसरले आणि नर्सेस पुरेनात. तेव्हा कमी मुदतीचे शिक्षण देऊन 'अखोत मआसीत' तयार करण्याचा सपाटा सुरू झाला. मआसीत म्हणजे कामापुरती शिकलेली. पूर्ण शिकलेली, सरकारी नोंद असलेली ती 'अखोत मुस्मेखेत'. दोघी एकाच वॉर्डात, जवळजवळ एकाच पोशाखात. पण इंजेक्शन कुठले कुणी द्यायचे, पाळीची जबाबदारी कुणाकडे, पगार किती आणि पेन्शन किती, हे सगळे त्या दुसऱ्या शब्दावर ठरे.

अखोत म्हणजे बहीण. मुंबईत सिस्टर, इथे अखोत. मावशी म्हणते, हिब्रूतला हा एकच शब्द तिला शिकावा लागला नाही.

उल्पानात पाच महिने काढून तिने आपले कागद दाखल केले. काय काय अडले ते ऐका, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच घडले असेल. सनदेवर माहेरचे आडनाव, पासपोर्टवर सासरचे. सनदेत मधे वडिलांचे नाव, इथल्या ओळखपत्रात त्याला जागाच नाही. ज्याने हिब्रूत नाव उतरवले त्याने आडनावातला 'कर' तोडून वेगळा लिहिला. सनद दिलेली 'मुंबई राज्या'ने, आणि १९६० पासून ते राज्यच उरले नव्हते. पडताळणीचे पत्र आले ते 'महाराष्ट्रा'च्या कौन्सिलचे, म्हणून टेबलामागचा माणूस म्हणाला, हे दुसरेच ठिकाण आहे. मग कुठला विषय किती तास शिकलात याचा तक्ता मागितला. ज्या हॉस्पिटलने हे तास कधी तासांत मोजलेच नाहीत, तिथून तक्ता यायचा कसा? मावशीने तीन पत्रे पाठवली. एकाचे उत्तर आले, त्यात लिहिले होते की विद्यार्थिनीची वर्तणूक समाधानकारक होती.

तोवर पोट थांबत नाही. जवळच्या एका हॉस्पिटलात ती 'मआसीत' म्हणून लागली आणि अकरा वर्षे तशीच राहिली. मुंबईत तिने बाळंतपणे केली होती, दोनदा पायाळू मूलसुद्धा. इथे एकवीस वर्षांची नवी मुस्मेखेत तिला सांगे, नाडी मोजून कागदावर लिही, बाकीचे मी बघते. "ती पोरगी वाईट नव्हती," मावशी म्हणते. "अडचण आली की माझ्याकडेच यायची. पण सही तिची."

ही वर्षे कुठली ते आठवून बघा. १९६२ पासून रब्बींच्या दप्तरात आपल्या लोकांना लग्नासाठी आजीचे, पणजीचे पुरावे विचारले जात होते. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली, क्नेसेतमध्ये ठराव झाला आणि मग तो नियम बदलला. मी या दोन गोष्टी एका मापाने मोजत नाही. लग्नाचा प्रश्न आपल्या यहूदी असण्याचाच होता, आणि सनदेची चौकशी प्रत्येक देश करतो, करायलाच हवी. चुकीच्या हाताने दिलेल्या इंजेक्शनने माणूस मरतो. पण ज्या बाईला एका टेबलावर 'तू यहूदी कशावरून' आणि दुसऱ्यावर 'तू नर्स कशावरून' असे त्याच दोन-चार वर्षांत विचारले गेले, तिला हे प्रश्न वेगवेगळे वाटले नाहीत. मावशीला अजूनही वाटत नाहीत.

आता पदवीकडे येते. तेल अवीव विद्यापीठात १९६८ मध्ये नर्सेससाठी पदवीचा अभ्यास सुरू झाला. आधी मुस्मेखेत असलेल्यांनी पुढे शिकायचे, असा. हदासाच्या शाळेने १९७५ मध्ये हिब्रू विद्यापीठाबरोबर चार वर्षांची पदवी आणली. बारावी झालेली मुलगी सरळ विद्यापीठात यायची आणि नर्सही व्हायची, पदवीधरही. तिथून हळूहळू वारे फिरले. मआसीत तयार करणे बंद झाले. डिप्लोमावाल्यांना 'तोआर', म्हणजे पदवी, पूर्ण करायला सांगू लागले, आणि पगाराची पायरी तिच्याशी जोडली गेली.

मावशी १९७६ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, पूरक अभ्यासक्रमाला बसली. दोन मुले शाळेत, काका कारखान्यात पाळीवर. जे विषय तिने मुंबईत इंग्रजीत शिकले होते ते हिब्रूत पुन्हा वाचले. तिच्या वह्या मी पाहिल्या आहेत. उजवीकडून डावीकडे हिब्रू, मधेच डावीकडून उजवीकडे मराठी. हाडांची नावे इंग्रजीत, अडखळलेल्या शब्दांचे अर्थ देवनागरीत. पास झाली, मुस्मेखेत झाली. अकरा वर्षांची जुनी सेवा मात्र खालच्याच दर्जाची धरली गेली, ती आजही पेन्शनच्या कागदावर दिसते.

पुढे पदवी पूर्ण करायची संधी आली तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. नाही म्हणाली. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "तिसऱ्यांदा कुणाला सिद्ध करून दाखवू?" मला हा निर्णय पूर्णपणे पटत नाही, हे तिच्या तोंडावरही बोलले आहे. तिच्या बरोबरीच्या दुसऱ्या एका बाईने ती पदवी केली आणि पुढे तिच्या वॉर्डाची मुख्य झाली. मावशीचे त्यावर उत्तर आहे की तिला गुडघेदुखी नव्हती.

नातीची वाट वेगळी. तिला बग्रुतचे गुण लागले, त्यात इंग्रजी आणि गणित चांगले हवे. मग प्सिखोमेत्री, दोनशे ते आठशे गुणांची प्रवेशपरीक्षा. पहिल्या खेपेस गुण कमी पडले. सहा महिने क्लास लावून पुन्हा बसली. मग अर्ज, मग मुलाखत. (बाहेरदेशांतून नव्याने येणाऱ्या मुलांसाठी सांगते: ओले खदाश असाल तर फीसाठी विद्यार्थी प्राधिकरणाकडे विचारा, आणि हिब्रूची पातळी ठरवणारी परीक्षा वेगळी द्यावी लागते. अर्ज भरायच्या आधी चौकशी करा, नंतर नाही.) चार वर्षांत पहिले वर्ष जवळजवळ सगळे रसायनशास्त्र, जीवशास्त्र, शरीरक्रिया. दुसऱ्यापासून वॉर्ड: मेडिसिन, सर्जरी, बालरोग, बाळंतपण, मानसोपचार, शिवाय घरोघरचे आणि कुपत खोलिमच्या दवाखान्यातले काम. शेवटी विद्यापीठाची पदवी. आणि एवढ्यावरही नर्स होत नाही. आरोग्य मंत्रालयाची परीक्षा वेगळी, तिच्याशिवाय परवाना नाही. हे अनेक आईबापांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिले. अतिदक्षता किंवा तातडीच्या विभागात पुढे जायचे तर त्यावर आणखी एक कोर्स.

दुसऱ्या वर्षी ती आजीकडे राहायला आली होती. अंथरुणाला खिळलेल्या जड माणसाला एकटीने कूस कशी बदलवायची हे मावशीने तिला खुर्चीत बसून, हातवारे करून शिकवले. नातीने बदल्यात तिला एक निबंध वाचून दाखवला, जखमांच्या ड्रेसिंगवर संशोधन कसे करतात त्याचा. मावशी लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "आम्हाला कसं करायचं ते शिकवलं. का, ते विचारलं की मेट्रन रागवायची. तुम्हाला विचारायला शिकवतात, हे बरं आहे." पदवीच्या बाजूने मी ऐकलेला सर्वांत सरळ युक्तिवाद हाच, आणि तो केला जिच्याकडे पदवी नाही तिने.

ब्रिटनमधल्या वाचकांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. तिथेही दोन दर्जे होते, स्टेट रजिस्टर्ड आणि स्टेट एन्रोल्ड, आणि बाहेरून आलेल्या किती मुलींना फरक न समजावता दुसऱ्यात बसवले गेले हे आता उघडपणे लिहिले जाते. एडिंबरा विद्यापीठाने पदवी १९६० मध्येच सुरू केली होती, पण इंग्लंडमध्ये सगळ्या नव्या नर्सेसना पदवी सक्तीची झाली ती २०१३ मध्ये. पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या घरातल्या तिघींपैकी दोघी एन्रोल्ड होत्या. त्यांनी तो शब्द पत्रात खोडून 'नर्स' असे लिहिले आहे. खोडलेले वाचता येते.

आता एक काम तुमच्याकडे. घरात जुनी ट्रंक असेल तर उघडा. नर्सिंगची सनद, कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, हॉस्टेलचा फोटो, बॅज, स्टायपेंडची पावती, काहीही. सनदेवरचे नाव जसे आहे तसे उतरवून घ्या, माहेरच्या आडनावासकट, कारण आजवर आपण त्यांना सासरच्या नावाने शोधत आलो आणि म्हणूनच त्या सापडत नाहीत. हॉस्पिटल कुठले, साल कुठले, इथे आल्यावर कुठल्या दर्जाने लागल्या, तेही विचारा. विचारायला माणूस असेल तर याच आठवड्यात विचारा. फोटोत मधे खुर्चीवर बसलेली बहुधा मेट्रन असते. आपली मुलगी मागच्या रांगेत शोधा.

मावशीची सनद मलिद्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाहिली. लग्नाच्या साडीच्या घडीत ठेवली होती. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे, नाव शाबूत आहे. नातीने फोनवर फोटो काढला आणि विचारले, "आजी, यावर गुण का नाहीत?" मावशी म्हणाली, "पास किंवा नापास, एवढंच असायचं." आणि चहा मागितला.